लहुजी वस्ताद : तालमीच्या मातीतून शाळेच्या दारापर्यंत

(मयूर विहार येथील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मयूर विहारमधील उद्यानांत संध्याकाळच्या वेळी एक दृश्य नेहमी दिसते. पांढरा पोशाख आणि कमरेला रंगीत पट्टा अशा वेशातील मुलेमुली ओळीने उभी असतात. समोर त्यांचे प्रशिक्षक असतात आणि त्यांच्या एका हाकेसरशी पंधरा-वीस मुठी एकाच वेळी पुढे येतात. कोणी कराटे शिकत असते, कोणी तायक्वांदो. बाकावर बसलेल्या पालकांचे लक्ष मात्र घड्याळाकडे असते, कारण गृहपाठ अजून व्हायचा असतो. मारणे आणि मार चुकविणे शिकविणारा हा शिक्षक आणि गणित व भाषा शिकविणारा शाळेतील शिक्षक, या दोघांचे परस्परांशी नाते काय? एकाचा वेळ दुसरा खातो, असे पुष्कळ पालकांना वाटते. शाळेच्या हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करायचा, तर मराठी मुलखातील एका थोर युद्धकला-शिक्षकाच्या चरित्राकडे वळावे लागते. त्यांचे नाव लहुजी राघोजी साळवे. पुणे त्यांना ओळखत आले ते ‘लहुजी वस्ताद’ या नावाने.

त्या चरित्राकडे जाण्यापूर्वी आपल्या पायाखालच्या भूमीची एक आठवण जागविणे उचित ठरेल. मयूर विहारला लागूनच पटपडगंज आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या याच पूर्वतीरावर दौलतराव शिंद्यांची कवायती फौज आणि जनरल लेक यांची इंग्रज फौज यांच्यात लढाई झाली. शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व लुई बुर्कां या फ्रेंच सेनानीकडे होते. लेक यांनी माघारीचा देखावा केला, शिंद्यांचे सैन्य आपली भक्कम जागा सोडून पुढे सरकले आणि त्या एका दिवसाने दिल्लीचे भवितव्य ठरले. महादजी शिंद्यांनी मोठ्या कष्टाने बसविलेली दिल्लीवरील मराठ्यांची घडी विस्कटली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तर तिच्यावर शेवटची मोहोर उमटली. या लढाईचा स्मारकस्तंभ आज शेजारच्या नोएडातील गोल्फ मैदानाच्या आवारात उभा आहे. रोज त्या बाजूने कामावर जाणाऱ्या किती मराठी माणसांना तो ठाऊक असेल?

पटपडगंजला तोफा धडाडत होत्या, तेव्हा लहुजी आठ वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी, मातंग समाजातील साळवे घराण्यात त्यांचा जन्म झाला. पुरंदरच्या राखणीची जबाबदारी या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि तिच्याबद्दल त्यांना ‘राऊत’ हा किताब मिळाला, असे घराण्याची परंपरा सांगते. वडील राघोजी हे पेशव्यांच्या शिकारखान्यावर होते व त्यांच्या अंगच्या बळाच्या कथा पंचक्रोशीत सांगितल्या जात, अशीही आठवण या परंपरेने जपली आहे. लहुजींचे पहिले गुरू हे वडीलच. किल्ल्याच्या चढणीवर दम वाढला, रानात नेम पक्का झाला, आणि पट्टा, तलवार, भाला, गोफण ही साधने खेळण्यांच्या वयातच हाती आली.

या कुटुंबाच्या जीवनातील एक विसंगती येथेच नोंदविली पाहिजे. संकटाच्या वेळी ज्यांच्या मनगटाचा भरवसा राज्याला वाटत होता, त्यांच्या सावलीचा मात्र शांततेच्या काळात विटाळ होत होता. किल्ल्याची राखण त्यांनी करायची, पण गावाच्या विहिरीवर त्यांनी पाणी भरायचे नाही. लहुजींच्या पुढील आयुष्याचा अर्थ लावताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकी येथे पेशव्यांच्या फौजेची इंग्रजांशी गाठ पडली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले होते. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. राघोजी साळवे या लढाईत धारातीर्थी पडले. लहुजींच्या वयाला तेवीस वर्षे पूर्ण होण्यास त्या दिवशी नऊ दिवस उरले होते. वाढदिवस उलटून तीन दिवस होतात न होतात तोच, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वडिलांचा मृत्यू आणि राज्याचा अस्त ही दोन्ही दुःखे त्या तरुणाने एका पंधरवड्यात सोसली.

फौजा मोडल्या, किल्ल्यांच्या शिबंद्या उठल्या, आणि ज्यांचे पोट शस्त्रावर चालत होते त्यांना एकाएकी जगण्याचे साधन उरले नाही. पुरंदरच्याच मुलखातील भिवडीचे उमाजी नाईक हे लहुजींहून तीन वर्षांनी मोठे. त्यांनी रामोशांना एकत्र करून डोंगरांतून इंग्रज सत्तेला आव्हान दिले आणि अखेर फासाचा दोर स्वीकारला. लहुजींपुढेही तो मार्ग होताच. शस्त्र होते, कारण होते आणि क्रोधही होता. मात्र त्यांनी वेगळी वाट निवडली. पुण्यात गंज पेठेमध्ये त्यांनी तालीम उघडली आणि तेथे शिकविण्याचे काम हाती घेतले ते आयुष्यभरासाठी. हरलेल्या राज्याला पुन्हा माणसे हवी असतील तर ती आधी घडवावी लागतात, या जाणिवेने ही तालीम उभी राहिली.

‘वस्ताद’ हा शब्द दिल्लीकरांना परका नाही. फारसीतील ‘उस्ताद’ मराठीत येताना वस्ताद झाला. दिल्लीच्या गल्ल्यांत हा मान गवयाला आणि कारागिराला मिळतो. मराठीत तो सर्वाधिक रुजला तालमीच्या मातीत. तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. मारुतीच्या मूर्तीला नमस्कार करून, अंगाला हौद्याची तांबडी माती लावून दिवस सुरू होई. जोर, बैठका आणि मल्लखांब यांनी शरीर तयार झाले, की मग शस्त्राची पाळी येई. लाठी, बनेटी, फरीगदका, बोथाटी आणि सर्वांत शेवटी दांडपट्टा, अशी ही विद्या चढत्या पायरीने जाते. फरीगदक्यात कातडे मढविलेली छडी आणि लहानशी ढाल घेऊन दोघे जण समोरासमोर उभे राहतात. बोथाटी म्हणजे टोकाला बोथट गोळा बसविलेला भाला. या दोन्ही साधनांतील योजना सारखीच आहे. शिकताना सोबत्याला इजा होता कामा नये, ही काळजी साधन घडवितानाच घेतलेली असते.

दांडपट्ट्याचे शिक्षण तर शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचिक असते, दोन्ही बाजूंनी धार असते, आणि मूठ कोपरापर्यंत पोहोचणाऱ्या लोखंडी खोबणीत बंद असते. त्यामुळे मनगट वळत नाही. वार करायचा तो खांद्याने, कमरेने आणि पायांच्या पवित्र्याने. पवित्रा चुकला तर ते लवचिक पाते चालविणाऱ्याच्याच अंगावर उलटते. म्हणून नवशिक्याच्या हाती पट्टा देण्यापूर्वी त्याच्या पायांना कित्येक महिने वळण लावावे लागते. जमिनीवर ठेवलेले लिंबू एका फटक्यात चिरणे ही या विद्येची परीक्षा. त्याहून कठीण परीक्षा म्हणजे आडव्या झोपलेल्या माणसाच्या अंगावर ठेवलेले फळ कापणे आणि त्याच्या कातडीला पात्याचा स्पर्शही होऊ न देणे. जोर तर पहिल्या वर्षीही असतो. तो नेमका कोठे थांबवायचा हे कळायला मात्र वर्षे लागतात. वस्तादाचे खरे शिकविणे या थांबण्यात असते.

गंज पेठेतील या तालमीचे वैशिष्ट्य तिच्या हौद्यात उतरणाऱ्या माणसांत होते. वस्ताद मातंग समाजाचे, आणि त्यांच्यासमोर नम्रपणे उभे राहून विद्या मागणाऱ्यांत माळी होते, ब्राह्मण होते, इतर जातींचे तरुण होते. ज्या पुण्यात अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या स्पर्शाने धर्म बुडत होता, त्याच पुण्यात तो माणूस शिष्याचा हात धरून पकड शिकवीत होता, खांदा दाबून पवित्रा दुरुस्त करीत होता. कुस्ती दुरून शिकविता येत नाही. अंगाला अंग भिडल्याशिवाय डाव कळत नाही. अस्पृश्यतेविरुद्ध त्या तालमीत कोणी भाषण केले असेल वा नसेल, तेथील रोजची मेहनतच तिला उत्तर देत होती.

१८४७ च्या सुमारास या तालमीत एक वीस वर्षांचा तरुण येऊ लागला. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. त्याच्याबरोबर त्याचा ब्राह्मण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हाही होता. दोघांनी लहुजींकडून दांडपट्टा आणि नेमबाजीचे धडे घेतले. वाचनाने पेटलेल्या त्या तरुणांच्या मनात इंग्रजांची सत्ता उलथून टाकण्याचे विचार होते. शिवाजी महाराज आणि वॉशिंग्टन यांची चरित्रे जोतीरावांनी वाचली होती. हाती शस्त्र घेतले की देश मोकळा होईल, अशी त्या वयाची सरळ समजूत होती.

पुढच्याच वर्षी ही समजूत बदलली. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. अहमदनगर येथील मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली. ज्या समाजात माणूसच माणसाला दूर लोटतो, तेथे परकी सत्ता गेली तरी सर्वांच्या वाट्याला स्वातंत्र्य येईल का, हा प्रश्न त्यांना पडला. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि सावित्रीबाई तेथे शिक्षिका झाल्या. त्यांच्यावर चिखल, शेण, दगड यांचा कसा मारा झाला, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे.

आता वस्तादांचा विचार करावा. आपण शिकविलेला, हाताने तयार केलेला एक उमदा शिष्य तलवारीची वाट सोडून पाटी-पेन्सिलीच्या मागे लागतो. पुष्कळ गुरूंना याचा राग आला असता. आपली विद्या वाया गेली, असेही वाटले असते. लहुजींचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. खडकीच्या रणात वडील गमावल्याला तीस वर्षे होऊन गेली होती. ते रागावले नाहीत. ते शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. फुल्यांच्या शाळांना विरोध करणाऱ्यांना तालमीच्या पोरांचा धाक होता, ही आठवण पुण्याच्या लोकपरंपरेने जपली आहे. शाळेच्या वाटेवर तालमीतला एखादा जवान नुसता उभा राहिला, तरी दगड उचललेला हात खाली येत असेल.

त्याहून मोठे काम त्यांनी आपल्या वस्तीत केले. फुल्यांनी १८५० नंतरच्या वर्षांत महार आणि मांग समाजांतील मुलांसाठी शाळा चालविल्या. शाळा उघडणे एक वेळ सोपे, पण मुले आणायची कोठून? दिवसभर राबून पोट भरणाऱ्या घरात आठ वर्षांचे मूल हे दोन कमावते हात असतात. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या मनावर बिंबविलेली भीती होतीच. शिकलो तर देव कोपेल, गावकरी मारतील, या धास्तीतून आईबापांना बाहेर काढायचे होते. हे काम लहुजी आणि राणबा महार यांनी केले. त्यांनी आपल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटविले आणि मुलांना शाळेत आणले. बाहेरच्या सुधारकाने सांगून जे पटले नसते, ते वस्तादाच्या शब्दावर पटले. ज्याच्या मनगटाविषयी वस्तीला अभिमान होता, तोच माणूस मनगटापेक्षा अक्षर महत्त्वाचे म्हणत होता. त्याच्या तोंडून आलेल्या या सांगण्याला दुबळेपणाचा वास येणे शक्य नव्हते.

या मुलांमध्ये साळवे घराण्यातील एक मुलगी होती. तिचे नाव मुक्ता. १८५५ साली ती चौदा वर्षांची होती. ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ या शीर्षकाचा तिचा निबंध त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला. मराठीतील दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ या निबंधापासून मानला जातो. शाळेत तीन वर्षे शिकलेल्या त्या मुलीने देवालाच प्रश्न केला आहे. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील, तर आमचा धर्म कोणता? आमच्यासाठी धर्माचे पुस्तकच नसेल, तर आम्हांला धर्मरहित म्हणायचे काय? इमारतींच्या पायात जिवंत माणसे पुरण्याची क्रूर चाल, उघड्यावर बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल, आजारपणात औषधाला महाग झालेली घरे, हे सारे तिने साध्या भाषेत मांडले. अखेरीस आपल्या बांधवांना ती कळकळीने सांगते, की या दुखण्यावर औषध एकच आहे आणि ते विद्येचे आहे.

याच निबंधात एक भयंकर उल्लेख येतो. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला, तर त्याची शिक्षा मृत्यू होती, आणि मेल्यावरही गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराची विटंबना होत असे, असे मुक्ता लिहिते. हे वाचताना क्षणभर थांबावे लागते. ज्या पुण्यात तालमीच्या दारावरून चालणे हा मातंगाचा गुन्हा होता, त्याच पुण्यात एका मातंगाने आपली तालीम उघडली, सर्व जातींच्या तरुणांना तिच्या हौद्यात उतरविले आणि पुढे त्याच्याच घरातील मुलीने तो जुना अन्याय शाईने कागदावर उतरविला. वस्तादांनी अंगबळाने मिळविलेली जागा आणि मुक्ताने लेखणीने मांडलेले सत्य यांत एका पिढीचे अंतर आहे. पहिल्यावाचून दुसरे घडले नसते. आणि दुसरे घडले नसते, तर पहिल्याचा अर्थ आज आपल्याला उमगलाही नसता.

१८५६ मधील एक प्रसंग जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. फुल्यांना ठार मारण्यासाठी रोडे आणि धोंडिराम नामदेव कुंभार असे दोन मारेकरी रात्री त्यांच्या घरात शिरले. जोतीरावांनी शस्त्राला हात घातला नाही. तुमचे माझ्याकडून काय नुकसान झाले, असे त्यांनी शांतपणे विचारले. माझ्या मरणाने तुमच्या घरात चार पैसे येणार असतील तर खुशाल मारा, असेही म्हटले. दोघांच्या हातांतील शस्त्रे गळून पडली. पुढे एकाने त्यांची राखण पत्करली. दुसरा शिकून विद्वान झाला आणि सत्यशोधकांच्या कार्यात नावारूपाला आला. ज्याला दांडपट्टा येत नाही त्याने हात जोडणे वेगळे, आणि ज्याला येतो त्याने तो न उचलणे वेगळे. फळ कापून कातडी राखण्याची जी विद्या गंज पेठेत शिकविली जात होती, तिची ही परीक्षाच होती, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

लहुजींचे सारे शिष्य एकाच वाटेने गेले नाहीत. रायगड जिल्ह्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी करीत होते. त्यांनीही लहुजींच्या तालमीत मेहनत केली. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरताना पाहून त्यांनी रामोशी आणि इतर समाजांतील माणसांना जमवून १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव केला. त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले. काळ्या पाण्याची शिक्षा भोगत असताना १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. फडक्यांच्या चरित्रातील एक गोष्ट बंडाच्या तेजात झाकोळून जाते. पुण्यातील पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, म्हणजे पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने नावारूपाला आलेली शिक्षणसंस्था, तिच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर वासुदेव बळवंत फडके हेही होते. एका वस्तादाचे दोन सर्वांत प्रसिद्ध शिष्य. त्यांचे विचार भिन्न, मार्ग भिन्न, शेवटही भिन्न. पण दोघांचेही हात शाळेच्या पायाभरणीला लागले. हा योगायोग असेल. तरी तो विचार करायला लावणारा आहे.

फडक्यांचा उठाव मोडला, तेव्हा लहुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. पेशवाईचा शेवट त्यांनी पाहिला होता, १८५७ ची धामधूम पाहिली होती, आणि आता शिष्याला बेड्या पडल्याची वार्ताही त्यांनी ऐकली. त्याच काळात दुसऱ्या शिष्याने सत्यशोधक समाजाची स्थापना केलेलीही त्यांनी पाहिली होती. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे पुण्यात निधन झाले. संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे. पुढच्याच वर्षी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि ते खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्यांच्या मुलांपर्यंत न्यावे, अशी मागणी केली. वस्तीत दारोदार फिरून जे काम लहुजींनी एकेका मुलासाठी केले होते, ते आता शासनाचे कर्तव्य म्हणून मांडले जात होते.

लहुजींनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. तालमीत हजेरीपट नसतो, प्रमाणपत्र नसते आणि गुणपत्रिकाही नसते. शिष्याचे शरीर आणि त्याचे वागणे हाच वस्तादाचा दाखला. त्यामुळे शिष्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत मोठ्या अक्षरांत आली आणि गुरूचे नाव दीर्घकाळ लोकांच्या ओठांवर, पोवाड्यांत आणि वस्तीच्या आठवणींतच राहिले. आज महाराष्ट्रात ‘क्रांतिगुरू’ म्हणून त्यांची जयंती आणि पुण्यतिथी साजरी होते, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही शाळेच्या वर्गात फुले शिकविताना लहुजींवर किती वेळ खर्च होतो, याचा शिक्षकांनी प्रामाणिक हिशेब करावा. शिष्य शिकवायचा आणि गुरू गाळायचा, हे कोणत्याही शिक्षकाला शोभणारे नाही.

पालकहो, सुरुवातीच्या प्रश्नाकडे आता परत यावे. दिल्लीसारख्या महानगरात मुलीला सातच्या आत घरी बोलावणारी प्रत्येक आई मनातून एका भीतीशी झुंजत असते. दिल्ली पोलिसांच्या वतीने शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे भरतात. त्यांना मुलींनी अवश्य जावे. सावित्रीबाईंच्या वाटेवर दगड होते आणि आजच्या मुलीच्या वाटेवरचे दगडही पुरते हटलेले नाहीत. शाळेत जाण्याची वाट निर्धोक असणे हा शिक्षणाचाच भाग आहे, हे लहुजींनी १८४८ मध्ये ओळखले होते. म्हणून उद्यानातील प्रशिक्षक आणि वर्गातील शिक्षक हे एकमेकांचे वाटेकरी नाहीत. ते एकाच कामावर नेमलेले दोन सहकारी आहेत.

मराठीत एक जुनी समजूत आहे, की वस्तादाने शिष्याला सगळे डाव शिकवावेत, पण एक डाव आपल्यापाशी राखून ठेवावा. शिष्य उलटला तर उपयोगी पडेल म्हणून. लहुजींचे चरित्र पाहिले तर त्यांनी काही राखून ठेवले असे दिसत नाही. अंगची विद्या त्यांनी दिली, आणि त्या विद्येची मर्यादा दिसू लागली तेव्हा पुढची वाट शिष्याकडून समजून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बत्तीस वर्षांच्या अंतराने लहान असलेल्या शिष्याचे म्हणणे पटले, तेव्हा आपल्या वस्तीतील मुलांना घेऊन ते त्याच्या शाळेच्या दाराशी आले. शिक्षकी पेशातील प्रत्येकाने मनाशी जपून ठेवावी, अशी ही गोष्ट आहे.

शाळेच्या हीरकमहोत्सवात संस्थापकांची, मुख्याध्यापकांची आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नावे घेतली जातात, ती घेतली पाहिजेतच. त्या यादीत एक नाव बहुधा शेवटी येते, किंवा येतच नाही. ते असते कवायतीच्या शिक्षकांचे. भर उन्हात मैदानावर उभे राहून ज्यांनी लेझीम बसविले, पडलेल्या मुलाला उचलून पुन्हा रांगेत उभे केले, भांडणाऱ्या दोघांना हात मिळवायला लावले, त्या शिक्षकांना माजी विद्यार्थ्यांनी या निमित्ताने एकदा आठवावे. शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन नमस्कार करावा. आणि विद्यार्थिमित्रहो, पुण्याला जाल तेव्हा गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, अवश्य जा. फुले वाडा तेथेच आहे, आणि वस्तादांची तालीमही त्याच पेठेत होती. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत जायला फार वेळ लागत नाही.